अवघड सार्वजनिक गोल्फ मैदानाची पारख कशी करावी? (खारघरच्या पहिल्या फेरीनंतर पडलेले प्रश्न)

कोलशेतचा_पांथस्थ

सर्वांना सस्नेह नमस्कार.

मी ठाण्यात कोलशेत रस्त्याला राहतो. त्रेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकायला घेतले, त्याला येत्या मार्गशीर्षात तीन वर्षे होतील. एका स्नेह्यामुळे खासगी क्लबच्या मैदानावर महिन्यातून एकदा पाहुणा म्हणून खेळायला मिळते. ते मैदान बहुतांशी सपाट असून तिथे नऊ होलला (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) मला साधारण ४७-४८ फटके लागतात. माझा हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूच्या क्षमतेचा आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), सध्या २२ आहे.

सभासदत्वाची अट नसलेले, शुल्क भरून कोणालाही खेळता येईल असे मैदान आपल्याच परिसरात, खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने उभे केले आहे, हे मला ठाऊक होते. पण तिथे जाण्याचे धाडस होत नव्हते. गेल्या महिन्यात एका सकाळी अर्धा संच, म्हणजे सहा क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) आणि पटर (खड्ड्याजवळ चेंडू हळूच ढकलायची काठी), एवढाच पिशवीत घालून ठाणे-पनवेल लोकलने निघालो आणि खारघर स्थानकावरून रिक्षाने मैदानावर पोहोचलो. नऊ होल खेळलो. फटके झाले ५८ आणि चार चेंडू हरवले. तरीही डोंगराकडे तोंड करून टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, उभे राहताना जो आनंद झाला, तसा सपाट मैदानावर मला कधी झाला नव्हता, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

परतल्यावर दोन मित्रांशी बोललो. एकाचे म्हणणे असे की, सार्वजनिक मैदान सोपेच असावे, कारण तिथे शिकाऊ माणसे येणार. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मैदान जितके अवघड तितके ते श्रेष्ठ. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पण का, ते मांडता येत नाही. माझे नेमके प्रश्न तीन आहेत. मैदानाची काठिण्यपातळी ठरवतात ती कशावरून? माझे वाढलेले दहा-अकरा फटके मैदानामुळे किती आणि माझ्यामुळे किती, हे कसे ओळखावे? आणि एखादे मैदान अवघड असूनही चांगले आहे, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

---

सानपाडावासी

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण पहिल्या वाईट फेरीनंतर मैदानावर निकाल देऊन मोकळे होतात. आपण थांबून विचारता आहात. मी सुमारे बावीस वर्षे खेळतो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

काठिण्य मोजण्याचे दोन आकडे असतात आणि ते वेगवेगळ्या माणसांसाठी असतात. पहिला कोर्स रेटिंग. शून्य हँडिकॅपच्या, म्हणजे स्क्रॅच खेळाडूला नेहमीच्या परिस्थितीत तिथे किती फटके लागावेत, याचा तो अंदाज. दुसरा स्लोप रेटिंग. साधारण २० हँडिकॅपच्या, म्हणजे बोगी खेळाडूला त्याच मैदानावर स्क्रॅच खेळाडूच्या तुलनेत किती अधिक त्रास होईल, हे तो सांगतो. स्लोप कमीत कमी ५५ आणि जास्तीत जास्त १५५ असू शकतो. ११३ हा प्रमाण मानला जातो. पुरुषांसाठी बोगी रेटिंगमधून (बोगी खेळाडूला लागणाऱ्या फटक्यांच्या अंदाजातून) कोर्स रेटिंग वजा करून येणाऱ्या अंकाला ५.३८१ ने गुणले की स्लोप मिळतो. म्हणजे ११३ स्लोपच्या मैदानावर बोगी खेळाडू स्क्रॅचपेक्षा सुमारे २१ फटक्यांनी मागे राहतो आणि १४० स्लोपच्या मैदानावर सुमारे २६ फटक्यांनी.

आपल्याच इंडेक्सवर एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पार, म्हणजे निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटके, ७२ असलेली दोन मैदाने आहेत. पहिल्याचे रेटिंग ७१ आणि स्लोप ११३, दुसऱ्याचे रेटिंग ७४ आणि स्लोप १४०. इंडेक्सला स्लोपने गुणायचे, ११३ ने भागायचे आणि रेटिंग व पार यांतला फरक त्यात मिळवायचा. आपला कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या मैदानावर मिळणारी फटक्यांची सूट, पहिल्या ठिकाणी २१ येतो आणि दुसऱ्या ठिकाणी २९. शून्य इंडेक्सच्या खेळाडूला या दोन मैदानांत फरक जाणवतो तो तीन फटक्यांचा, आपल्याला मात्र आठांचा. आपले दोन्ही मित्र जिथे चुकतात ती जागा ही आहे : मैदान एकच असले तरी त्याचे काठिण्य प्रत्येकाच्या वाट्याला सारखे येत नाही, त्यामुळे ‘अवघड आहे’ हे विधान कोणासाठी आणि कोणत्या टीवरून, हे सांगितल्याशिवाय अपुरेच राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंडेक्स हा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून काढतात. तो आपल्या क्षमतेचा आकडा आहे. तो रोजची सरासरी दाखवत नाही. म्हणून बहुतेक दिवशी आपण त्याच्यापेक्षा दोन-चार फटके जास्त मारणार, हे धरूनच चालावे.

आता आपल्या ५८ फटक्यांकडे वळू. हिशेब करण्यासाठी मला दोन आकडे हवे आहेत : एकूण पट (ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पटरने मारलेले फटके) किती झाले, आणि हरवलेले चारही चेंडू टीवरच्या पहिल्या फटक्यात गेले की नंतरच्या? ते आठवत असल्यास कृपया लिहावे.

---

कोलशेतचा_पांथस्थ

इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. मी गुणपत्रिका जपून ठेवली आहे आणि त्यावर पट वेगळे लिहिले आहेत : एकूण २३. चारपैकी तीन चेंडू टीवरूनच गेले आणि एक फेअरवेतून (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून) मारलेल्या लांब फटक्यात. चारही वेळा चेंडू सापडला नाही म्हणून पुन्हा मूळ जागेवरून एका दंडासह मारला.

---

सानपाडावासी

मग हिशेब सोपा आहे. हरवलेल्या प्रत्येक चेंडूमागे एक दंडाचा फटका आणि एक वाया गेलेला फटका, असे दोन जातात. चारांचे आठ झाले. ५८ मधून ८ वजा केले की ५० उरतात. पट २३ झाले. आपल्या पातळीला नऊ होलमध्ये १९-२० पट धरले, तर तिथे तीनेक जास्त गेले. तेही वजा केल्यास उरतात ४७, म्हणजे आपण क्लबच्या मैदानावर मारता तेवढेच. चेंडू मारण्याच्या आपल्या कौशल्यात त्या दिवशी कोणतीही घसरण झालेली नव्हती. वाढलेले सगळे फटके दोनच ठिकाणी पडले : लांब फटक्यांत, मुख्यतः टीवरून, घेतलेला धोका आणि अनोळखी उताराची ग्रीन.

यातली टीवरची बाब बरीचशी आपल्या हातात आहे. अवघड मैदानावर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, हा हक्काचा नव्हे. समजा, पार ४ चे होल ३६० यार्डांचे आहे, डावीकडे दाट झाडी आणि उजवीकडे उतार आहे. सात नंबरच्या आयर्नने (मध्यम पल्ल्याच्या क्लबने) १३० यार्ड मारणारा माणूस १७०, १२० आणि ७० अशा तीन फटक्यांत ग्रीनवर पोहोचतो, दोन पट करतो आणि ५ लिहितो. त्याला ड्रायव्हरची गरजच पडली नाही. मैदानाची रचना करणाऱ्याने असा तीन फटक्यांचा मार्ग ठेवला आहे की नाही, हेच मी कोणत्याही नव्या मैदानावर सर्वांत आधी शोधतो. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तरही यातच आहे : जिथे दुबळ्या खेळाडूला एक फटका जास्त देऊन सुखरूप जाण्याची वाट उघडी ठेवलेली असते आणि बलवान खेळाडूला तो फटका वाचवण्यासाठी खरा धोका पत्करावा लागतो, ते मैदान कितीही अवघड असले तरी चांगले. जिथे सगळ्यांनाच एकाच अरुंद पट्ट्यातून १८० यार्ड हवेतून मारण्याची सक्ती असते आणि दुसरी वाट नसते, ते माझ्या मते नुसतेच कठोर.

सार्वजनिक मैदान सोपेच असावे, या मताला जगातले सर्वांत ठळक उत्तर न्यूयॉर्क राज्यातले बेथपेज ब्लॅक आहे. १९३६ मध्ये सुरू झालेले हे मैदान राज्य सरकारच्या उद्यानात आहे आणि शुल्क भरून कोणीही तिथे खेळू शकतो. पहिल्या टीजवळ चक्क इशाऱ्याचा फलक लावलेला आहे : मैदान अत्यंत अवघड आहे, केवळ निष्णात खेळाडूंनीच खेळावे. २००२ ची यूएस ओपन तिथे झाली तेव्हा चार दिवसांअखेर पारच्या खाली राहिला तो एकटा टायगर वूड्स, तोही तीनच फटक्यांनी. मात्र त्याच उद्यानात सामान्यांसाठी आणखी चार मैदाने आहेत, ही बाब विसरून चालणार नाही. आपल्याकडे एकाच मैदानाला शिकाऊ आणि निष्णात अशा दोघांना सांभाळायचे असते आणि ते काम टींच्या जागांनी (एकाच होलवर पुढे-मागे आखलेल्या टींनी) करावे लागते.

---

नेरुळकरीण

सानपाडावासी यांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते, कारण माझा सगळा अनुभव त्याच मुद्द्यावर उभा आहे.

मी ५७ वर्षांची आहे. माझा उत्तम ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) १४० यार्डांचा. अनेक वर्षे मी नवऱ्याबरोबर आणि त्याच्या मित्रांबरोबर मागच्या टींवरून खेळत राहिले, कारण पुढे जाऊन एकटीने टी मारणे मला कमीपणाचे वाटे. पार ४ च्या होलवर मी चौथ्या फटक्याला ग्रीनच्या आसपास पोहोचायची, तोपर्यंत बाकीचे पट करून थांबलेले असायचे. त्या दिवसांत मला प्रत्येक मैदान अन्यायकारक वाटे. मग एका कॅडीने (पिशवी उचलून सल्ला देणाऱ्या मदतनिसाने), जो माझ्या मुलाच्या वयाचा होता, मला अतिशय नम्रपणे सांगितले, “ताई, तुम्ही पुढून मारा, मग बंकर तुमच्यासाठी बरोबर जागेवर येतील.” हे वाक्य मी विसरलेले नाही. रचनाकाराने बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, जिथे खणला, तो ठरावीक लांबीच्या फटक्याला प्रश्न विचारण्यासाठी. मी चुकीच्या टीवरून खेळते तेव्हा तो प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. मी फक्त चालते आणि दमते.

रेटिंग काढणारे लोकही याच पद्धतीने विचार करतात. पुरुष स्क्रॅच खेळाडूचा ड्राइव्ह २५० यार्डांचा आणि बोगी खेळाडूचा २०० यार्डांचा धरून त्यांचे चेंडू कुठे पडतील, त्या जागांवर उभे राहून ते अडथळे तपासतात. महिलांसाठी हीच अंतरे २१० आणि १५० अशी धरतात. जमिनीचा चढउतार, फेअरवेची रुंदी, ग्रीनचा आकार, रफ (कडेचे वाढलेले गवत), बंकर, पाणी, झाडी आणि या सर्वांचा मनावर येणारा ताण, या साऱ्याची नोंद होते. प्रत्येक टीला आणि पुरुष-महिलांना वेगळे रेटिंग मिळते ते यामुळेच. म्हणून कोणत्याही मैदानाची पारख करताना मी पुढच्या टीवर जाऊन पाहते : ती खरी टी म्हणून बांधली आहे, सपाट केली आहे, की नुसत्या दोन रंगीत खुणा फेअरवेच्या कडेला ठेवल्या आहेत? मैदान चालवणाऱ्यांना शिकाऊ माणसाविषयी किती आस्था आहे, हे मला तिथे कळते.

एक व्यवहाराची सूचनाही करते. २०१९ पासून चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. चेंडू हरवल्याची शंका येताच तात्पुरता चेंडू मारून ठेवावा, आणि तो ‘तात्पुरता’ आहे हे मोठ्याने सांगावे. काही मैदाने स्थानिक नियम म्हणून दोन दंडाचे फटके घेऊन फेअरवेच्या कडेशी चेंडू टाकण्याची मुभा देतात. आपल्यासारख्या खेळाडूंना मागे चालत जावे लागत नाही आणि मागच्या चौकडीचाही (मागून येणाऱ्या चार खेळाडूंच्या गटाचाही) वेळ वाचतो, त्यामुळे तो नियम लागू आहे का, हे पहिल्या टीवर जाण्यापूर्वी विचारून घ्यावे.

---

हिरवळ_सेवक

माझा व्यवसाय उद्यान आणि हिरवळीच्या निगेचा आहे. खेळाडू म्हणून मी सामान्य आहे. वरच्या चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, ती जोडतो. मैदानाचे मूल्यमापन एका फेरीत आणि एका ऋतूत होऊ शकत नाही, आपल्या कोकणपट्टीत तर नाहीच.

ठाणे-नवी मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. डोंगराच्या पायथ्याशी मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पावसाळ्यात पाणी वेगाने वाहून येते आणि एप्रिल-मेमध्ये तीच जमीन दगडासारखी वाजते. जे फेअरवे ऑगस्टमध्ये चेंडूला जागच्या जागी थांबवते, ते मेमध्ये त्याच चेंडूला तीस-चाळीस यार्ड घरंगळत रफमध्ये नेऊ शकते. दोन वेगळ्या महिन्यांत खेळलेले दोन खेळाडू एकाच होलविषयी उलट मते सांगत असतील, तर दोघेही खरे बोलत असतात.

पावसाळ्यात खेळायचे तर दोन सवलती माहीत असाव्यात. साचलेल्या पाण्यातून चेंडू विनादंड बाहेर घेता येतो, आणि सर्वसाधारण भागात स्वतःच्याच फटक्याने जमिनीत रुतलेला चेंडूही विनादंड उचलून टाकता येतो. विजा चमकू लागल्या, तर खेळ थांबवण्याचा अधिकार खेळाडूला स्वतःला आहे. कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. डोंगराळ, मोकळ्या मैदानावर हातात धातूची काठी घेऊन उभे राहण्याचा धोका कोणीही हलका मानू नये.

आता आपल्या २३ पटांविषयी. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर बर्म्युडा जातीचे गवत मोठ्या प्रमाणात असते. त्याची पाती एका दिशेला झुकून वाढतात, आणि तो झुकाव चेंडूच्या वेगावर व वळणावर परिणाम करतो. ग्रीनकडे पाहताना गवत चकाकते आहे असे दिसले, तर झुकाव आपल्यापासून दूर आहे आणि चेंडू वेगाने जाईल. गडद, मंद दिसले तर झुकाव आपल्याकडे आहे आणि चेंडू रेंगाळेल. होलच्या कडेला वाकून पाहावे. ज्या बाजूची कड झिजून विस्कटलेली दिसते, पाती त्या दिशेला झुकलेली असतात. त्यात डिसेंबर-जानेवारीतले दव जमेस धरावे : सकाळी सातला मारलेला पट आणि साडेनऊला मारलेला पट यांच्या वेगात स्पष्ट फरक पडतो.

ग्रीनच्या वेगासाठी स्टिम्पमीटर नावाचे साधन आहे. १९३५ मध्ये एडवर्ड स्टिम्पसन यांनी ते सुचवले. खाचेत ठेवलेला चेंडू पट्टी सुमारे वीस अंशांपर्यंत उचलल्यावर सुटतो आणि ग्रीनवर किती फूट जातो, ते मोजतात. माझी कळकळीची विनंती अशी की, हा आकडा मोठा म्हणजे मैदान उत्तम, असे कृपया समजू नये. तीव्र उताराच्या ग्रीनवर गवत फार बारीक कापले, तर चेंडू थांबतच नाही आणि उन्हाळ्यात ते गवत मरते. चढउताराच्या जमिनीवर थोडी संथ, पण सगळीकडे सारखी ग्रीन ठेवणे, हेच जाणत्या कर्मचाऱ्यांचे लक्षण आहे. मी नऊ ग्रीनवर एकच गोष्ट तपासतो : सरावाच्या ग्रीनवर जो वेग जाणवला, तोच शेवटच्या ग्रीनवरही जाणवतो का? त्यामागे पहाटे चार-साडेचारला उठून आलेल्या माणसांचे श्रम असतात, आणि त्यांची दखल कोणत्याही रेटिंगमध्ये घेतली जात नाही.

ग्रीनवर छोटी छोटी भोके पाडून वाळू भरलेली दिसली, तर ती दुरवस्था समजू नये. दबलेल्या मातीत हवा जावी म्हणून ते मुद्दाम केलेले असते. अशा आठवड्यात खेळून मत बनवणे मैदानावर अन्याय करणारे ठरेल.

---

कोलशेतचा_पांथस्थ

आपण तिघांनीही जे दिले आहे, ते मला एवढ्या स्पष्टपणे यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. गुणपत्रिका पुन्हा समोर घेऊन बसलो. तीनही हरवलेले टीचे फटके ड्रायव्हरचेच होते आणि तिन्ही वेळा मी मागच्या टीवर होतो, कारण पुढची टी आपल्यासाठी नाही असे मी गृहीत धरले होते. नेरुळकरीण ताईंचा अनुभव वाचताना मी स्वतःलाच त्या जागी पाहत होतो.

दिवाळीनंतर पुन्हा खारघरला जायचे ठरवले आहे. या वेळी ड्रायव्हर घरी ठेवीन, पाच नंबरचा हायब्रिड (मारायला सोपा, लांब पल्ल्याचा क्लब) घेईन आणि सरावाच्या ग्रीनवर किमान अर्धा तास घालवीन. एकच शंका उरली आहे : ओळखीचा जोडीदार नसताना एकट्याने जाऊन कॅडी घ्यावा की, चौकडी जमेपर्यंत थांबावे?

---

सानपाडावासी

जोडीदारासाठी थांबू नये. नव्या मैदानावर पहिल्या चार-पाच फेऱ्यांत कॅडी अवश्य घ्यावा आणि त्याला टीवर एकच प्रश्न विचारावा : “इथे चेंडू कुठे गेलेला चालणार नाही?” कुठे मारू, असे विचारले तर तो ध्वजाकडे बोट दाखवतो. कुठे नको, असे विचारले की तो त्या होलवर रोज पाहिलेल्या सगळ्या चुका आपल्याला सांगून टाकतो.

फेरीत पुढच्या टी, हायब्रिड आणि पट वेगळे लिहिलेली गुणपत्रिका एवढे सांभाळा आणि आकडे इथेच लिहा. मला शनिवारी सकाळी सवड असते. तारीख कळवलीत, तर जुईनगरला त्याच लोकलमध्ये चढेन.

---

नेरुळकरीण

मीही येते. पुढच्या टीवर मग आपण दोघे असू.